आधार घेऊन चालणं

घरातलं वडीलधारं माणूस एकदा पडलं, की घराची भाषा बदलते. "आई, तू उठू नकोस, काय हवं ते सांग." "बाबा, एकट्यानं न्हाणीघरात जायचं नाही." "आजी, आता जिना बंद." या वाक्यांमागे माया असते, धास्तीही असते. पण महिनाभर ती रोज ऐकली, की माणूस आधी खुर्चीला आणि मग खाटेला खिळतं. घरच्यांना वाटतं, आता धोका टळला. खरं तर पुढच्या वेळी पडण्याची तयारी तिथेच सुरू झालेली असते.

कारण पाय वापरले नाहीत तर ते झपाट्यानं खचतात. २००७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात निरोगी वृद्ध स्वयंसेवकांना दहा दिवस अंथरुणातच ठेवलं होतं. तेवढ्या काळात त्यांच्या पायांतला जवळजवळ एक किलो मांसल भाग घटला. ही आजारी माणसं नव्हती, धडधाकट होती. आधीच गुडघे धरलेल्या, मधुमेह असलेल्या माणसाचं बसून काय होत असेल, याचा अंदाज यावरून येतो.

सुरक्षिततेचा अर्थ हालचाल थांबवणं असा घेतला, तर सुरक्षितता आणि जगणं एकमेकांच्या विरोधात उभी राहतात. सहाय्यक साधनांचं मोल इथेच आहे. काठी, वॉकर, भिंतीवरची आधाराची दांडी, कमोडची खुर्ची, पांढरी काठी, रक्तदाब मोजायचं यंत्र ही साधनं माणसाला चालू ठेवून धोका कमी करतात. यातली बरीचशी काही शे किंवा काही हजार रुपयांत मिळतात. मात्र नुसती विकत आणून ती काम करत नाहीत. माप, जागा आणि सराव या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच साधन आधार देतं. एक जरी चुकली, तरी तेच साधन पाडायला कारण होतं.

पडणं ही किरकोळ गोष्ट नाही

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडल्यामुळे मरतात. अपघाती इजांनी होणाऱ्या मृत्यूंमध्ये रस्ते अपघातांनंतर पडण्याचाच क्रमांक लागतो. वैद्यकीय उपचार घ्यावे लागतील इतकं जोरात पडण्याचे प्रसंग वर्षाला ३ कोटी ७३ लाखांच्या घरात जातात. मरणाऱ्यांमध्ये सर्वाधिक संख्या साठीच्या पुढच्यांची आहे.

आपण उभे राहतो ते तीन प्रकारच्या खबरींच्या भरवशावर. डोळे सांगतात समोर काय आहे. कानाच्या आतल्या भागातली तोलाची यंत्रणा सांगते डोकं कुठे कललंय. तळवे, घोटे आणि गुडघे सांगतात खालची जमीन कशी आहे. मेंदू या खबरी जुळवतो आणि स्नायूंना हुकूम सोडतो. वय वाढतं तशी प्रत्येक खबर थोडी पुसट होते. मोतीबिंदूनं पायरीची कड दिसेनाशी होते, मधुमेहानं तळवे बधिर होतात, मांड्यांची ताकद घटते. एक दुवा कमजोर झाला तर बाकीचे सांभाळून घेतात. दोन-तीन एकदम कमजोर झाले, की ओल्या फरशीवरचा एक थेंबही पुरतो.

चांगलं सहाय्यक साधन यातला नेमका एखादा दुवा भरून काढतं. म्हणून साधन निवडण्याआधी कोणता दुवा कच्चा आहे हे ओळखायला हवं. चष्म्याचा नंबर बदललेल्या माणसाच्या हाती वॉकर देऊन उपयोग नाही.

काठी कोणत्या हातात धरायची

उजवा पाय दुखतो म्हणून काठी उजव्या हातात, ही चूक कुठल्याही बागेत सकाळी पाहायला मिळते. काठी धरायची ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. उजवा खुबा किंवा गुडघा दुखत असेल तर डाव्या हातात. दुखरा पाय आणि काठी दोन्ही एकाच वेळी पुढे पडतात.

यामागचं गणित समजलं की हा नियम पुन्हा विसरत नाही. चालताना प्रत्येक पावलाला एक क्षण असा येतो, की सगळं शरीर एकाच पायावर तोललेलं असतं. त्या क्षणी खुब्याचा सांधा सी-सॉच्या मधल्या टेकूचं काम करतो. एका बाजूला शरीराचं वजन, दुसऱ्या बाजूला खुब्याच्या बाहेरच्या अंगाचे स्नायू. वजनाची बाजू लांब आहे, स्नायूंची तिच्या साधारण निम्मी. त्यामुळे कंबर एका बाजूला कलू नये म्हणून स्नायूंना वजनाच्या जवळपास दुप्पट ओढावं लागतं आणि टेकूवर, म्हणजे सांध्यावर, दोन्हींची बेरीज येते. साठ किलोच्या माणसाच्या खुब्यावर अशा क्षणी दीडशे किलोच्या आसपास भार येतो. आता विरुद्ध हातातली काठी टेकली, की सांध्यापासून बऱ्याच लांबून वर रेटा मिळतो. लांबून दिलेला थोडा रेटा जवळच्या मोठ्या ओढीइतकं काम करतो. काठीवर पाच-सहा किलो भार टाकला, तरी स्नायूंचं ओझं आणि सांध्यावरचा दाब लक्षात येण्याइतका उतरतो. दुखऱ्या बाजूलाच काठी धरली तर हा लांबचा रेटा मिळत नाही, वर शरीर त्याच बाजूला झुकतं.

अमेरिकेतले अस्थिशल्यविशारद वॉल्टर ब्लाउंट यांनी १९५६ साली हा मुद्दा मांडणारा लेख लिहिला. 'काठी टाकून देऊ नका' असं त्याचं शीर्षक होतं. काठी लाजेनं टाकून लंगडत चालणाऱ्या रुग्णांच्या सांध्यांचं काय होतं हे त्यांनी पाहिलं होतं. आपल्याकडे अजूनही काठी हातात घेणं म्हणजे म्हातारपण कबूल करणं, असं मानणारे खूप आहेत. खुब्याचा दाब कमी करणारी, गोळी न घेता दुखणं हलकं करणारी ही वस्तू आहे, हे त्यांना कोणीतरी समजावून सांगायला हवं.

मग उंचीचा प्रश्न. नेहमीच्या चपला पायात घालून ताठ उभं राहायचं, हात सैल सोडायचे. मनगटाची घडी जिथे येते, तिथे काठीची मूठ यायला हवी. मूठ धरल्यावर कोपर किंचित, साधारण १५ ते ३० अंशांत वाकलेलं राहतं. काठी उंच असेल तर खांदा वर चढतो आणि तिच्यावर भारच टाकता येत नाही. बुटकी असेल तर माणूस पुढे वाकतं आणि तोल जातो. आजोबांच्या मागे त्यांची शिसवी काठी आजी वापरू लागते, तेव्हा तिच्यात आठवण असते पण माप नसतं. सुताराकडून ती मापात कापून घ्यावी. अ‍ॅल्युमिनियमच्या काठीला उंची बदलण्यासाठी भोकं असतात. स्प्रिंगचं बटण भोकातून पूर्ण बाहेर आलंय का, हे बोटानं दाबून पाहावं. अर्धवट अडकलेलं बटण भार पडताच आत जातं आणि काठी एकदम खाली सरकते.

सगळ्यात दुर्लक्षित भाग तळाशी आहे. काठी उलटी करून तिचं रबरी बूच पाहा. नवं असताना त्यावर गोल कडी उठलेली असतात, ती फरशी पकडतात. वापरून ती झिजतात, बूच गुळगुळीत होतं, कधी आतून फाटून धातूचं टोक बाहेर डोकावतं. अशी काठी कोरड्या फरशीवर एकवेळ चालेल, पण मोरीजवळच्या ओलीवर ती घसरणारच. बूच वैद्यकीय साधनांच्या दुकानात सुटं मिळतं आणि स्वस्त असतं. दर महिन्याला एकदा काठी उलटी करून पाहण्याची सवय घरात कोणालातरी लावून घेता येईल.

जिन्यासाठीही एक नियम आहे: चढताना धड पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. चढताना शरीर वर उचलायचं असतं, ते काम धड पायाचं. उतरताना वर राहिलेला पाय गुडघ्यात वाकून सगळं वजन सांभाळत खाली सोडतो, म्हणून मागे धड पाय ठेवायचा. काठी दुखऱ्या पायाच्या सोबतीनं जाते. एका हाताला कठडा असेल तर तो धरायचाच.

वॉकर, आणि खुर्चीतून उठण्याची कला

एका बाजूचा आधार पुरत नसेल, दोन्ही पाय कमजोर असतील किंवा शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल, तर वॉकर लागतो. चार पायांची काठी या दोन्हींच्या मधली. अर्धांगवायूत एकच हात चालत असेल तर ती उपयोगी पडते, पण तिचे चारही पाय एकदम टेकले तरच.

वॉकर वापरणाऱ्यांचे दोन अपघात ठरलेले आहेत. पहिला उठताना होतो. खुर्चीत किंवा पलंगावर बसलेलं माणूस वॉकरच्या मुठी धरून स्वतःला वर ओढतं. वॉकर हलका असतो, तो उलट त्याच्याच अंगावर येतो. उठताना दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर किंवा पलंगाच्या कडेवर टेकायचे, खाली रेटा देऊन उभं राहायचं, तोल सावरला की मगच वॉकर धरायचा. बसतानाही मांड्यांच्या मागे खुर्ची लागल्याची खात्री करायची आणि हात मागे नेऊन बसायचं. दुसरा अपघात उंबरठ्यावर होतो. आपल्या जुन्या घरांत प्रत्येक दाराला उंबरठा, न्हाणीघराला पायरी. चाकाचा वॉकर तिथे अडतो, माणूस पुढे जातं. उंबरठ्यापाशी लाकडाची उतरती पट्टी ठोकून घेणं हे वॉकरइतकंच गरजेचं.

सतरंजी, पायपुसणं, जमिनीवरून गेलेली फॅनची वायर ही वॉकरची जुनी वैरी. वॉकर घरात यायच्या आदल्या दिवशी ती उचलावीत. बैठ्या सोफ्याच्या जागी थोडी उंच, हातांची खुर्ची ठेवावी.

मोरी आणि न्हाणीघर

साबणाचं पाणी, गुळगुळीत फरशी, अरुंद जागा, ओले पाय आणि उठबस हे सगळं एकाच वेळी जिथे जमतं, ती जागा न्हाणीघर. तोल गेला की माणूस हाताला लागेल ते धरतं, आणि बहुतेक घरांत हाताला लागतो तो टॉवेलचा रॉड. तो टॉवेलच्या वजनासाठी बसवलेला असतो. अंगाचा भार आला की दोन छोट्या स्क्रूंसकट उपटून हातात येतो.

आधाराची दांडी दिसायला तशीच असली, तरी तिची घडण वेगळी असते. ती पूर्ण मुठीत मावेल इतक्या जाडीची असते आणि भिंतीपासून सुमारे दीड इंच अंतरावर बसवतात. बोटं आत जावीत, पण घसरलेला हात कोपरापर्यंत आत अडकू नये, म्हणून हे अंतर. ती पोकळ टाइलवर किंवा नुसत्या प्लास्टरमध्ये बसवून चालत नाही, विटेत किंवा काँक्रीटमध्ये खोलवर पकड घेणारे बोल्ट लागतात. बसवून झाल्यावर घरातल्या सगळ्यात वजनदार माणसानं तिला लटकून पाहावं, आणि मगच ती आजींच्या भरवशाला द्यावी. व्हॅक्यूमवर चिकटणाऱ्या दांड्या बाजारात दिसतात. त्यांची पकड न सांगता सुटते, म्हणून अंगाचा भार त्यांच्यावर कधीच टाकू नये.

भारतीय शौचकुपावरून उठणं ही गुडघ्यांची रोजची परीक्षा. ज्या घरात पाश्चात्त्य कमोड बसवणं शक्य नाही, भाड्याचं घर आहे, तिथे स्टीलच्या सांगाड्याची कमोड खुर्ची थेट शौचकुपावर ठेवता येते. तिच्या चारही पायांना रबर हवं आणि ती फरशीवर डगमगता कामा नये. कमोड असेल पण बुटका असेल, तर वर बसवायची उंच बैठक मिळते. आंघोळीसाठी पाटाऐवजी प्लास्टिकची रुंद, जड खुर्ची घ्यावी आणि पाणी तांब्यानं घेता येईल अशा उंचीवर बादली ठेवावी. वाकणं कमी झालं की चक्कर येण्याचे प्रसंगही कमी होतात.

दाराचाही विचार करावा. आत उघडणाऱ्या दारामागे माणूस पडलं, तर त्याच्याच अंगामुळे दार उघडत नाही. शक्य असेल तिथे दार बाहेर उघडणारं करून घ्यावं आणि कडी बाहेरूनही उघडता येईल अशी लावावी.

डोळ्यांऐवजी टोक

पांढरी काठी भार घेत नाही, ती खबर आणते. तिचा इतिहास गंमतीचा नाही, गरजेचा आहे. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरातले छायाचित्रकार जेम्स बिग्स अपघातात दृष्टी गमावून बसले. घराभोवतीच्या वाहनांना आपण दिसावं म्हणून त्यांनी १९२१ साली आपली काठी पांढरी रंगवली. दहा वर्षांनी, १९३१ मध्ये, पॅरिसमध्ये गिली देर्बमों या बाईंनी अंधांना पांढऱ्या काठ्या देण्याची मोहीम सुरू केली. तोवर ही काठी दुसऱ्यांना सावध करण्यासाठी होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत युद्धात अंध झालेल्या सैनिकांबरोबर काम करताना रिचर्ड हूवर यांनी लांब, हलकी काठी आणि ती फिरवण्याची पद्धत बसवली. तेव्हापासून ती स्वतःला रस्ता दाखवण्याचं साधन झाली. १५ ऑक्टोबर हा दिवस आता पांढऱ्या काठीचा म्हणून पाळला जातो.

हूवर यांची पद्धत जवळून पाहण्यासारखी आहे. काठी शरीराच्या मध्यावर धरून खांद्यांच्या रुंदीहून किंचित जास्त अशी डावी-उजवीकडे फिरवतात. उजवा पाय पुढे पडतो त्या क्षणी टोक डावीकडे टेकतं, म्हणजे पुढचं डावं पाऊल जिथे पडणार तिथली जमीन आधीच तपासली जाते. खड्डा, पायरी, उघडं गटार एका पावलाआधी कळतं. हे पाहून जमत नाही, शिकवणाऱ्या माणसासोबत रस्त्यावर उतरून शिकावं लागतं.

या काठीला एक मर्यादा आहे. तिला जमिनीलगतचं कळतं, वरचं कळत नाही. आपल्या फुटपाथांवर लोंबणारी फांदी, दुकानाची पुढे आलेली पाटी, उभ्या टेम्पोचा मागचा फळा हे थेट तोंडावर येतात. दिल्लीच्या आयआयटीतल्या संशोधकांनी यासाठी तयार केलेली 'स्मार्टकेन' २०१४ साली वापरात आली. काठीच्या मुठीवर बसणारं हे उपकरण कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी सोडतं आणि गुडघ्याच्या वरचा अडथळा तीन मीटरपर्यंत असेल तर हाताला कंप देतं. कंपाच्या फरकावरून अंतर उमगतं. ते साध्या काठीची जागा घेत नाही, तिच्यावर बसतं, यातच त्याचं शहाणपण आहे.

ज्यांना दिसतं पण कमी दिसतं, त्यांच्यासाठी साधा उपाय म्हणजे पायऱ्यांच्या कडांना गडद रंगाची किंवा खरखरीत पट्टी. जवळचं-लांबचं एकाच भिंगात असलेला चष्मा जिना उतरताना फसवतो, कारण खाली पाहताना नजर वाचनाच्या भागातून जाते आणि पायरी अंधूक दिसते. जास्त चालणाऱ्या माणसानं बाहेरसाठी फक्त लांबचं दिसणारा वेगळा चष्मा ठेवलेला बरा.

पुण्यातला जिना

पार्किन्सनच्या आजारात एक विचित्र प्रकार होतो. माणूस चालता चालता मध्येच थांबतं, पाय जमिनीला खिळतात, मन पुढे जातं आणि पाय मागे राहतात. पडण्याचा धोका नेमका इथे असतो. मूळच्या पुण्याच्या आणि नेदरलँड्समध्ये काम करणाऱ्या डिझायनर मिलेहा सोनेजी यांच्या काकांना हा आजार होता. त्यांच्या लक्षात आलं, की सपाट जमिनीवर अडखळणारे काका जिना मात्र सहज उतरतात. पायऱ्यांच्या ठरावीक अंतरामुळे प्रत्येक पावलाला एक खूण मिळते आणि मेंदूला वेगळी वाट सापडते. मग त्यांनी सपाट जमिनीवर जिन्याचा भास होईल असं चित्र काढून अंथरलं, आणि काका त्यावरून चालू लागले. चहा सांडू नये म्हणून त्यांनी आत वळलेल्या काठाचा कपही केला. हातांच्या कंपानं उसळलेला चहा कडेला लागून पुन्हा आत येतो.

याच तत्त्वावर पायांपुढे प्रकाशाची आडवी रेघ टाकणाऱ्या काठ्या आणि वॉकर मिळतात. त्या सगळ्यांना सारख्या लागू पडत नाहीत. पण घरच्या फरशीवर ठरावीक अंतरानं रंगीत चिकटपट्ट्या लावून प्रयोग करायला फारसा खर्च नाही. या आजारात तुम्ही एकटे नसता, पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळासारखे गट रुग्णांना आणि घरच्यांना असे अनुभव एकमेकांना सांगायला जागा देतात.

मोजणारी यंत्रं

पडण्याची काही कारणं घरात नसतात, रक्तात असतात. सकाळी अंथरुणातून झटकन उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, कारण उभं राहताना रक्तदाब घसरतो. हे घरच्या डिजिटल यंत्रानं पकडता येतं. पाच मिनिटं पडून राहून रक्तदाब मोजायचा, मग उभं राहून एका मिनिटानं आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजायचा. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त, किंवा खालचा १० किंवा त्याहून जास्त उतरत असेल, तर आकडे लिहून डॉक्टरांना दाखवावेत. गोळ्यांची मात्रा बदलून पुष्कळदा हा त्रास थांबतो. मोजताना जवळ कोणीतरी उभं असावं.

इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांना घाम, थरथर, गोंधळल्यासारखं झालं, तर आधी ग्लुकोमीटर. ७० च्या खाली आकडा आला, तर शुद्धीवर असलेल्या माणसाला साधारण १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर पाण्यात द्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजावं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नये, थेट १०८ ला फोन करावा.

घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर असेल तर दोन गोष्टी आपल्या घरांत विशेष सांभाळाव्या लागतात. पहिली म्हणजे देवघर. निरांजन, समई, उदबत्ती आणि गॅसची शेगडी यांच्यापासून रुग्ण आणि यंत्र निदान दहा फूट लांब हवेत. ऑक्सिजन मुरलेला पदर किंवा चादर एका ठिणगीनं भडकते. दुसरी गोष्ट जमिनीवरून गेलेली लांब नळी. तीत पाय अडकून पडण्याचा धोका खरा आहे, ती भिंतीकडेनं न्यावी. आणि गावाकडे वीज जाते तिथे पर्यायी सिलिंडर भरलेला आहे का, हे आधीच पाहून ठेवावं.

पडल्यानंतरचा तास

सगळी काळजी घेऊनही माणूस पडतं. मग प्रश्न असतो तो किती वेळ पडून राहतं याचा. उठता येत नाही, फोन बाहेरच्या खोलीत, हाक शेजारी पोचत नाही. मुलं पुण्या-मुंबईत किंवा परदेशात आणि आईवडील गावात एकटे, असं चित्र आज घरोघरी आहे. त्यांच्यासाठी साधी बिनतारी घंटा काही शे रुपयांत मिळते. तिचं बटण न्हाणीघरात फक्त कमरेच्या उंचीवर लावतात, ही चूक. जमिनीवर पडलेल्या माणसाच्या हाताला लागेल इतकं खाली दुसरं बटण हवं. पडल्याचं ओळखणारी घड्याळंही मिळतात. वेग, आदळणं आणि नंतरची स्तब्धता यांवरून ती अंदाज बांधतात आणि नेमलेल्या माणसाला कळवतात. खुर्चीवरून हळूच घसरलेलं माणूस मात्र त्यांच्या नजरेतून सुटू शकतं. आणि रात्री चार्जिंगला लावलेलं घड्याळ रात्रीच्या पडण्याला उपयोगाचं नाही.

आणीबाणीसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे आकडे, तसंच ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही मदतवाहिनी, मोठ्या अक्षरांत फोनजवळ लावलेली असावी.

मिळणं आणि जुळणं

साधनं मिळवायचे सरकारी मार्ग आहेत. केंद्राची 'एडिप' योजना १९८१ पासून दिव्यांगांना साधनं देते आणि कानपूरची अलिम्को ही सरकारी कंपनी ती बनवते. दारिद्र्यरेषेखालच्या ज्येष्ठांसाठी २०१७ मध्ये राष्ट्रीय वयोश्री योजना आली. तिच्यात काठ्या, वॉकर, श्रवणयंत्रं, चष्मे, कवळ्या, चाकाच्या खुर्च्या मिळतात. महाराष्ट्रात २०२४ पासून मुख्यमंत्री वयोश्री योजनेखाली ६५ वर्षांवरच्या पात्र ज्येष्ठांना साधनांसाठी ३,००० रुपये थेट खात्यात मिळतात. माप घेऊन, शिकवून साधन हवं असेल, तर मुंबईत हाजी अलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे, आणि जवळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतही फिजिओथेरपीचे विभाग असतात.

पण मिळणं म्हणजे जुळणं नव्हे. १९९३ साली अमेरिकेत २२७ साधनधारकांची पाहणी झाली. त्यांच्या साधनांपैकी २९.३ टक्के साधनं पूर्णपणे टाकून दिलेली निघाली. जी कारणं सापडली त्यांतलं एक फार बोलकं आहे: साधन निवडताना वापरणाऱ्याला त्याचं मत विचारलंच नव्हतं. आपल्या शिबिरांत रांगेनं वाटलेले वॉकर पुढे माळ्यावर जातात, त्याचं कारणही बहुतेक वेळा हेच असतं.

याच्या उलट उदाहरण जयपूरचं. परदेशी कृत्रिम पाऊल बुटात घालण्यासाठी बनलेलं होतं. त्यावर उकिडवं बसता येत नसे, शेताच्या चिखलात अनवाणी चालता येत नसे, मांडी घालता येत नसे. १९६८ मध्ये कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉक्टर प्रमोद करण सेठी यांनी रबराचं पाऊल घडवलं, ते इथल्या माणसाच्या दिवसाकडे बघून. म्हणून ते शेतकऱ्यानं वापरलं, टाकलं नाही. सेठींना पुढे १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, पण पावलाची खरी पावती त्याच्यावर चालणाऱ्या माणसांनी दिली.

तेव्हा घरात साधन आणायच्या आधी "काय घ्यावं?" हा प्रश्न बाजूला ठेवून वडीलधाऱ्यांना एकच विचारावं: "तुम्हाला कुठे जायचंय?" उत्तर 'चौकातल्या वाचनालयात' असं आलं, तर तिथून घरापर्यंत उलट मोजत यावं. किती पायऱ्या, कुठे कठडा नाही, कुठे रस्ता ओलांडायचा, मध्ये बसायला जागा आहे का. त्या वाटेला जे साधन लागेल ते घ्यावं, माप देऊन घ्यावं, आणि पहिले काही दिवस त्यांच्यासोबत ती वाट चालावी. प्रकृती बदलते तशी गरजही बदलते, म्हणून दर सहा महिन्यांनी हाच प्रश्न पुन्हा विचारावा. माणसाला घरात जपून ठेवण्यापेक्षा त्याच्या वाटेवर आधार उभा करणं कष्टाचं आहे, पण म्हातारपणाचा मान राखणारी सुरक्षितता तीच.